हाज मुनीबांच्या समोरची खुर्ची

मित्रांनो, मी लेबनॉनमधल्या सैदा शहराच्या साबणबाजारातली एक जुनी खुर्ची आहे. तुतीच्या लाकडाची, लव्हाळ्याने विणलेली. एक पाय जरा आखूड, म्हणून कुरकुरते. पण तो माझा स्वभावच समजा.

माझे मालक नझीह साबणवाले. रोज सकाळी ते मला दुकानाबाहेर मांडत आणि बोहनी झाली की आत घेत. ही आमच्या बाजाराची जुनी रीत. खुर्ची बाहेर म्हणजे त्या दुकानात अजून पहिलं गिऱ्हाईक आलेलं नाही. मग दुसरं कोणी आलं की नझीह समोर बोट दाखवत. "माझी बोहनी झाली, ताई. हाज मुनीबांची खुर्ची अजून बाहेर आहे. त्यांचा साबण माझ्यापेक्षा कणभर चांगलाच!"

हाज मुनीब समोरच्या दुकानाचे मालक, वयाने थकलेले. ओरडून गिऱ्हाईक बोलावणं त्यांना जन्मात जमलं नाही.

अशा नझीहांना लोकांनी नगरसेवक केलं नसतं तरच नवल! एकदा एका आजारी बाईला दवाखान्यात नेणारी हातगाडी आमच्या अरुंद गल्लीत मांडलेल्या सामानात अडकली. ते नझीहांच्या जिवाला लागलं. त्यांनी ठराव आणला, दुकानाबाहेर काहीही मांडायचं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी पोत्यांमागे जाऊन पडले. फार वाईट वाटलं हो मला. नझीहांना मात्र माझी आठवणही झाली नाही. ते सभांमध्ये गुंतले होते आणि दुकान नोकर बघत होता. बोहनी कोणाची राहिली, हे आता कोणालाच कळत नव्हतं.

एके सकाळी हाज मुनीब दुकानाची किल्ली घेऊन आले.

"ही ठेव. दुकान विकायचंय. कोणी बरा माणूस बघ."

"अहो काका, इतकं झालं आणि मला सांगितलं नाहीत?"

"मी कशाला सांगू? इतकी वर्षं खुर्ची सांगायची."

नझीह खालीच बसले. मग उठून त्यांनी मला शोधलं, बाहीने पुसलं आणि खांद्यावर घेऊन थेट नगरपालिकेत नेलं.

"काय रे नझीह, इथे बसायला कमी पडलं होय?" सगळे हसले.

"हसा. ठराव माझा होता, चूकही माझीच. गल्ली मोकळी राहू दे, पण बोहनी होईपर्यंत भिंतीला टेकून एक खुर्ची राहू द्या." ठराव बदलला.

दुसऱ्या दिवशी किल्ली हाज मुनीबांकडे परत गेली. आम्ही दोघी खुर्च्या समोरासमोर उभ्या राहिलो. पहिली बाई आमच्याकडे आली. नझीहांनी समोर बोट दाखवलं.

"अहो, पण तुमचीही खुर्ची बाहेरच आहे की!"

"माझी थांबेल, ताई."

समोरची खुर्ची आधी आत गेली. मी दुपारपर्यंत उन्हात उभी होते आणि एकदाही कुरकुरले नाही.

मित्रांनो, मला रंग नको, गादी नको. फक्त आपली खुर्ची आत घेताना समोरच्या दाराकडे एकदा बघत जा.