देवगाव एकीकडे, रंगारी दुसरीकडे

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. खरे म्हणजे अर्धा नकाशा. माझी रुंदी साडेचौदा इंच. या मार्चमधल्या एका गुरुवारपर्यंत ती सोळा इंच होती. उरलेले दीड इंच कुठे गेले, तेच मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म हैदराबादच्या एका शिळाछापखान्यात झाला. त्याला शंभरेक वर्षे झाली असतील. एका कारागिराने गुळगुळीत दगडावर कन्नड तालुक्यातली गावे आणि घाट उलटे काढले आणि माझ्यावर ते सुलटे उमटले. नद्यांचा निळा रंग मात्र हाताने भरला. नावे उर्दूत, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायची. हे लक्षात ठेवा.

पहिली तीस वर्षे मी कचेरीत काम केले. मग नवे नकाशे आले आणि मी कपाटामागे पडलो. मधल्या घडीवर झिजत झिजत एके दिवशी माझे दोन तुकडे झाले. रद्दीत निघालो तेव्हा पश्चिमेचा तुकडा, म्हणजे मी, एका गठ्ठ्यात गेलो आणि पूर्वेचा दुसऱ्या.

मला नानासाहेबांनी उचलले. ते तहसीलमधून निवृत्त झालेले कारकून, गारखेड्यात राहतात, मूळचे देवगाव रंगारीचे. जुने नकाशे, छापील चित्रे, सचित्र मासिके जमवणे हा त्यांचा छंद. दौलताबादच्या किल्ल्याची चित्रेच त्यांच्याकडे अकरा आहेत. त्यांनी सुताराकडून रुंद, उथळ खणांचे कपाट करून घेतले आहे. प्रत्येक खणात वेखंडाची पुरचुंडी. घडी नाही, चिकटपट्टी नाही, ऊन नाही. किल्ली सदैव त्यांच्या खिशात. तिथे मी सुखात होतो.

नानासाहेबांना उर्दू येत नाही. म्हणून मला घेऊन ते वहाबभाईंकडे गेले. वहाबभाई जुने जिल्दसाज. पुस्तके बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले आणि जुन्या कागदांचे वेड त्यांनाही आहे. त्यांनी माझ्या उजव्या, फाटक्या काठावर बोट ठेवले.

"इथं लिहिलंय रंगारी."

"आणि देवगाव?"

"देवगाव मेरे पास है," असे म्हणून ते उठले आणि त्यांनी आपल्या पेटीतून पूर्वेचा अर्धा भाग काढला.

त्यानंतर एकोणीस वर्षे दोघे भांडत राहिले. कोणीच आपला तुकडा सोडेना.

"माझं गाव आहे ते, वहाबभाई. द्या मला."

"आधं गाव, नाना. आधं माझ्याकडं राहतंय. मी भाडं मागितलं का कधी?"

या वर्षी वहाबभाईंचा हात थरथरू लागला. एकदा चहा बशीत सांडला, तेव्हा ते स्वतःच म्हणाले, "अजून वर्षभर हात चालंल. नंतर जोडणारा कोणी नाय." म्हणून ठरले: दोन्ही भाग एका कापडावर जोडायचे. सहा महिने एकाकडे, सहा महिने दुसऱ्याकडे.

"पावसाळा कोणाकडं?" नानासाहेबांनी विचारले.

"तुमच्याकडं. आमचं छत गळतंय."

शुक्रवार ठरला, दुपारच्या नमाजनंतर.

गुरुवारी नानासाहेबांनी मला खणातून काढून टेबलावर ठेवले आणि ते जोडायला लागणारे मांजरपाटाचे कापड आणायला बाहेर पडले. पाच वाजता त्यांची सून संस्कृती ऑफिसातून आली. तिने माझा फाटका काठ पाहिला. या घरात महत्त्वाच्या कागदाचे एकच करतात. ती लग्न होऊन आली, तेव्हा नानासाहेबांनी स्वतः तिची पदवीची प्रमाणपत्रे क्रांती चौकात नेऊन लॅमिनेट करून आणली होती. "कागद जपावा लागतो, बाई," असे ते म्हणाले होते. जुन्या कागदाचा नियम वेगळा असतो, हे त्यांनी तिला कधी सांगितले नव्हते.

उद्या पाहुणे येणार, आज बाबांना चकित करू, असे तिला वाटले.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी मी लॅमिनेशनच्या दुकानाच्या काउंटरवर होतो.

"ताई, कडा फाटलीय. मशीनमध्ये अडकंल. सरळ करून देऊ?"

"द्या ना. नीट दिसेल."

कटरचे पाते एकदाच खाली आले. मग उष्णता. दोन्ही बाजूंनी प्लास्टिक वितळले आणि माझ्या तंतूतंतूत शिरले. याला एक मिनिटही लागले नाही. शंभर वर्षांत मला वाळवीने, पाण्याने, उंदराने जे केले नाही, ते एका हसऱ्या मुलीने केले, आणि तेही मला जपण्यासाठी. अजूनही मला ते नीट समजलेले नाही.

"बाबा, बघा! आता ह्याला काही होत नाही."

नानासाहेबांनी माझ्या उजव्या काठावरून बोट फिरवले. गुळगुळीत. पुन्हा फिरवले.

"हे असं करायला कोणी सांगितलं तुला?"

"तुम्हीच नाही का माझी सर्टिफिकेटं..."

नानासाहेब खुर्चीत बसले. ते रागावले असते तर तिला बरे वाटले असते.

शुक्रवारी अडीच वाजता वहाबभाई आले. एका हातात पूर्वेचा भाग, दुसऱ्या हातात डबा. डब्यात सकाळी शिजवलेली खळ, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली. त्यांनी मला पाहिले आणि नखाने टकटक केले. कागदाचा असा आवाज होत नाही.

"ये क्या किया, नाना?"

"म्याच केलं," नानासाहेब म्हणाले. "घरात कोणाला काही शिकवलंच नाय."

"निघणार नाही का हे, चाचा?" संस्कृतीने विचारले.

"निघेल, बेटी. पण शाई त्याच्यासोबत निघेल. कोरा कागद उरेल तुझ्या हातात." मग ते माझ्या काठाकडे वाकले. "आणि इथला तुकडा? किधर गया?"

संस्कृतीने स्कूटीची किल्ली उचलली.

पन्नास मिनिटे गेली. खळीवर साय धरली. संस्कृती परतली तेव्हा तिच्या ओढणीला धूळ होती. कापलेली पट्टी दुकानाच्या टोपलीत मोडली होती; गुणपत्रिकांच्या कापलेल्या कडांमध्ये तिचे दोन तुकडे सापडले. तिसरा सापडला नाही. लांब तुकड्यावर अक्षरे होती: रंगारी.

वहाबभाईंनी तो हातात घेतला नाही. ते म्हणाले, "नाना, प्लास्टिकला खळ धरत नाय. रंगारी लागेल ते फक्त माझ्या भागाला. मग ते माझंच होईल. तुमचं गाव आहे. बोला."

एकोणीस वर्षे जो माणूस एक अक्षर सोडायला तयार नव्हता, त्याने मांजरपाट पुढे सरकवले.

"लावा, वहाबभाई. खळ वाळतीय."

वहाबभाईंचा हात थरथरत होता, म्हणून त्यांनी तुकड्याचे टोक संस्कृतीला दोन बोटांनी धरायला सांगितले. देवगावच्या शेजारी रंगारी बसले. हातभर अंतरावरून मी ते पाहिले. तो माझाच तुकडा होता, ओला झाला होता, आणि मला काहीच जाणवले नाही.

"जूनला आणतो," जाताना वहाबभाई म्हणाले. "बात ठरलीय. पावसाळा तुमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी नानासाहेबांनी खिशातली कपाटाची किल्ली संस्कृतीच्या हातात दिली आणि एकेक खण उघडून तिला दाखवायला सुरुवात केली.

मित्रांनो, मी आता बैठकीच्या भिंतीवर आहे. आलेला प्रत्येक जण म्हणतो, किती स्वच्छ ठेवलाय! मला ओल्या फडक्याने पुसतात. वेखंडाचा वास माझ्यापर्यंत येत नाही. तुमच्या हाती जुना कागद आला, तर त्याचे भले करण्याआधी जाणत्या माणसाला विचारा. आणि तुम्हीच जाणते असाल, तर कोणी विचारेल याची वाट पाहू नका.

माझा उजवा काठ आता अगदी सरळ आहे. निळी नदी तिथपर्यंत येते आणि थांबते.