खोकल्याची रेघ

“ही बघ, आणखी एक,” ढापण्या कुजबुजला. हा माझा सहकारी. चष्मा जाड, जीभ तिखट.

पडद्यावरच्या चित्रात आडवी पांढरी रेघ उमटली होती. रेघ म्हणजे कोपऱ्यात बसलेल्या सरांचा खोकला. आमची सुई स्फटिकाला न टेकता, केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावरून, अणूंवर ओळीओळीने फिरते. कोणी खोकलं की थरथरते आणि ती ओळ वाया जाते. या स्फटिकातून वीज अडथळ्याशिवाय वाहते, आणि त्यासाठी त्याला अशा इतर पदार्थांइतकं गोठवावंही लागत नाही. असं का, हे अजून कुणाला धड सांगता येत नाही. सरांनी त्यापायी आयुष्य वेचलं. हे यंत्रही त्यांनीच उभं केलं.

आणि मला? मला प्रबंधासाठी अणूंचा हा एक नकाशा हवा होता. यंत्र थंड ठेवणारं हेलियम संपत आलेलं, नवं मिळायची आशा नाही. ते संपलं की स्फटिक तापून खराब, खेळ खल्लास. जीव नुसता टांगणीला लागला होता. बसवत नव्हतं आणि उठायची सोय नव्हती.

“मुली, चुळबूळ करू नकोस,” सर म्हणाले आणि पुन्हा खोकले.

“सांग की त्यांना,” ढापण्या.

“मीच का?”

“लाडकी तू आहेस. मांजराच्या गळ्यात घंटा तूच बांध.”

आवाज करेल तो बाहेर, हा नियम सरांचाच. बूट करकरतात म्हणून संचालकांनाही त्यांनी एकदा बाहेर काढलं होतं. पण सर तेव्हा आजारी नव्हते.

“सर, तुम्ही जरा...” मी पडद्याकडे बोट दाखवलं.

ते उठून पडद्यापाशी आले. रेघा पाहिल्या.

“हा मी का?”

“हो, सर.”

“मग आधी बोलायला काय झालं? अर्धा नकाशा घालवलास की!” माझ्यावरच खेकसून ते बाहेर गेले.

थोड्या वेळाने पुन्हा रेघ आली, पण बारीक. ते दाराबाहेर उभे असणार. नंतर आली ती आणखी पुसट; जिन्यापाशी गेले असतील. मग ओळींमागून ओळी स्वच्छ येऊ लागल्या. अणू कसे लख्ख, दाणे पसरल्यासारखे. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. आणि त्या आनंदाची लाजही वाटली.

उरलेला नकाशा पुरा होताच मी धावले. व्हरांड्यात ते नव्हते, जिन्यातही नव्हते. खिडकीतून खाली पाहिलं.

फाटकाच्याही पलीकडे, भर उन्हात, एका हाताने विजेचा खांब धरून सर कमरेत वाकले होते. पोटभर खोकून घेत होते. आवाज वरपर्यंत येत नव्हता.