सोळा दुरुस्त्या

कारखान्यातल्या दोनशे बारा कम्प्युटरांची नावं तेजलला पाठ होती, पण त्यांतले निम्मे तिनं कधी पाहिले नव्हते. पाहायची गरजच पडत नसे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या रसायनांच्या कारखान्यात ती सहा वर्षं संगणक विभागात होती, आणि तिनं बसवलेली व्यवस्थाच अशी होती की कुणाला उठून कुठं जावं लागू नये. एक फाइल लिहायची. विंडोजमधल्या कोणत्या सोयी कुठं चालू असाव्यात, कोणत्या बंद, हे त्या फाइलीत मांडायचं. पुढचं काम आपोआप चालणारं टूल करायचं. दर अर्ध्या तासानं ते प्रत्येक कम्प्युटरची हजेरी घ्यायचं, कुठं काही वेगळं दिसलं तर फाइलीत लिहिल्याप्रमाणे करून टाकायचं, आणि रिपोर्टमध्ये हिरवी ओळ उमटायची: फरक आढळला, दुरुस्त केला.

पाच तारखेला तिनं फाइलीत एक ओळ वाढवली. दुसऱ्या कम्प्युटरवरच्या फाइली वाचण्याची एक जुन्या काळातली सोय विंडोजमध्ये असते. त्या वाटेनं व्हायरस शिरतात, तेव्हा ती सगळीकडे बंद करा, असं तपासणीला आलेल्या लोकांनी लिहून दिलं होतं. ओळ साधी होती. सोयीचं नाव, आणि पुढं 'बंद'. संध्याकाळपर्यंत दोनशे बाराच्या दोनशे बारा ओळी हिरव्या झाल्या. विभागप्रमुख विपुलसरांनी वरच्यांना तसा मेल पाठवला. त्यात तेजलचं नाव होतं.

अकरा तारखेला सांडपाण्याच्या टाकीत साफसफाईसाठी उतरलेला नवशा जिवंत वर आला नाही.

नवशा ठेकेदाराचा माणूस, विक्रमगडकडच्या डोंगरातला. भात झोडून झालं की चार महिने बोईसरला यायचा. टाकीत उतरण्याआधी कंट्रोल रूममधून परवानगीची चिठ्ठी घ्यावी लागते. टाकीतल्या विषारी वायूचा आकडा तिथल्या स्क्रीनवर दिसतो. तो वाचायचा, चिठ्ठीवर लिहायचा, खाली सही करायची. दहाच्या आत असेल तरच माणूस उतरतो. त्या दिवशीची चिठ्ठी कंट्रोल रूममधला ऑपरेटर एकनाथ यानं लिहिली होती. आकडा दोन. टाकीजवळच्या वायू मोजणाऱ्या डब्यातून नंतर कळलं, त्या वेळी खरा आकडा दोनशेच्या वर होता.

एकनाथला निलंबित केलं. बावीस वर्षं नोकरी केलेला माणूस, पण त्यानं स्क्रीन न बघताच आकडा लिहिला असं जो तो म्हणू लागला. त्यात सुरक्षा विभागाला त्याच्या लॉगिनच्या नोंदी सापडल्या. त्यानं परवानगी न घेता कंट्रोल रूमच्या कम्प्युटरची सेटिंग वारंवार बदलली होती. नोटिशीत शब्द होता 'छेडछाड'. चौकशी सत्तावीस तारखेला होती.

छेडछाड नेमकी कोणत्या सेटिंगशी झाली, हे तेजलला एकोणीस तारखेला दुपारी समजलं. सुरक्षा विभागानं पाठवलेल्या कागदावर त्याच जुन्या सोयीचं नाव होतं. तिनं त्या एका कम्प्युटरचा रिपोर्ट उघडला. सहा तारखेपासून अकरा तारखेच्या सकाळपर्यंत सोळा हिरव्या ओळी. फरक आढळला, दुरुस्त केला. रोजच्या गोषवाऱ्यात त्या तिच्या डोळ्यांखालून गेल्या होत्या. हिरव्या ओळींवर ती थांबत नसे. आज तिनं वेळा पाहिल्या. सकाळी सातनंतर, दुपारी तीननंतर, रात्री अकरानंतर. प्रत्येक वेळी पाळी बदलल्यावर.

ती उठली आणि कंट्रोल रूमकडे चालत गेली. सहा मिनिटं लागली.

"वाट चुकलात काय, मॅडम?" आतला ऑपरेटर कैलास म्हणाला. "आमच्याकडं तुमचा नुसता माऊसचा बाण येतो. माणूस आज बघतोय."

तेजल हसली नाही. तिनं विचारलं, "पाळी बदलली की तुम्ही या कम्प्युटरवर काय करता?"

"बंद करून परत चालू. प्रोग्राम जुना हाय, आठ तास झाले की जड होतो. आधीपासूनचा रिवाज हाय इथला." कैलास गंभीर झाला. "त्या आठवड्यात चालू केला की वायूचा आकडा थिजायचा. दिसायचा, पण हलायचा नाय. खाली बारीक अक्षरात वेळ असते ना, ती पण तिथंच. एकनाथदादाच्या नजरेला आलं. त्यानं सेटिंगमधे जाऊन कुठंतरी बरोबरची खूण केली, परत चालू केला, आकडा पळाया लागला. आमाला पण शिकवलं. पुढच्या पाळीला बघावं तर खूण गायब."

तेजलला सगळं एका क्षणात दिसलं. टाकीजवळचा डबा जुना. तो आकडा एका फाइलीत लिहितो, आणि ती फाइल त्या जुन्या सोयीनंच वाचता येते; वाचता आली नाही की स्क्रीनवर शेवटचा आकडाच राहतो. एकनाथ खूण करायचा. अर्ध्या तासाच्या आत टूल ती पुसायचं. पण पुसल्याचा परिणाम कम्प्युटर पुन्हा चालू होईपर्यंत होत नाही. म्हणून आठ तास सगळं सुरळीत दिसायचं.

"आणि अकरा तारखेला?"

"साडेअकराला लाइट गेली. एक मिनिट पण नाय. कम्प्युटर आपोआप चालू झाला. पाळी बदलली नव्हती, मग खुणेचं कुणाच्या ध्यानात येणार? चिठ्ठी बाराला लिवली."

"तुम्ही आम्हाला कळवलं नाही?"

कैलासनं तिच्याकडं नीट पाहिलं. "दादानं तीन डाव फोन केला, मॅडम. तुमच्याच खोलीत."

परत जागेवर येऊन तिनं तक्रारी काढल्या. सात तारखेची तक्रार तिनं स्वतः बंद केली होती. 'वायूचा आकडा थांबतो.' तिनं आपल्या खुर्चीतून त्या कम्प्युटरला जोडून घेतलं होतं. आकडा हलताना दिसला होता, कारण एकनाथनं नुकतीच खूण केली होती. तिनं लिहिलं होतं: तपासलं, चालू आहे.

विपुलसरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. मग दार लोटून घेतलं.

"ओळ तपासणीवाल्यांच्या सांगण्यावरून लिहिलीस. मी मंजूर केली. तुझा दोष नाही यात."

"पण एकनाथकाकांचाही नाही, सर. छेडछाड म्हणतात ती—"

"रिपोर्ट किती दिवस राहतात आपल्याकडे?"

"पंधरा. उद्या सकाळी दहाला पाच तारखेची नोंद जाईल. मग रोज तीन-तीन. सत्तावीसला त्यांतली एकही उरणार नाही."

"पंधरा दिवस कुणी ठरवले?"

"मी. सर्व्हर भरून जातो म्हणून."

विपुलसरांनी टेबलावरचं पेन सरळ केलं. "मी तुला काही पुसायला सांगत नाही, तेजल. पुसायला सांगणारा माणूस मी नाही. काही करू नकोस, इतकंच म्हणतोय."

संध्याकाळी ती रिक्षानं उमरोळीला एकनाथच्या घरी गेली. एकनाथ ओटीवर बसला होता. अंगात कारखान्याचाच निळा शर्ट होता, बहुधा दुसरा काढायचं सुचलं नव्हतं. तिला ओळखायला त्याला थोडा वेळ लागला.

"संगणकाच्या मॅडम? बसा. चाय टाकाय सांगतो."

"काका, मी चौकशीसाठी नाही आले."

"चौकशीला काय घाबरायचा? मी आकडा बगितला व्हता. दोन व्हता. खालची वेळ नाय बगली, ती माजी चूक. ती मी सगळ्यांसमोर सांगनार. पन न बगता लिवलं, असं मी केलं नाय." त्यानं पाय ओटीवरून खाली सोडले. "परवा गेलतो बायडीकडं. नवशाची बायको. तिनं एकच इचारलं, तू बगून सोडला का न बगता? मी सांगितलं, बगून. तिला पटलं नाय. कसं पटंल? कंपनीनंच कागदावर लिवलंय."

तेजलनं येताना रिक्षात वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आता कामाचं वाटेना.

"काका, तुम्ही ती खूण करायचात ना, ती माझी फाइल पुसायची. प्रत्येक वेळी. सोळा वेळा."

एकनाथनं बोटांवर पाळ्या मोजल्या.

"मला ते रोज दिसत होतं."

"दिसत व्हतं?"

"हो. हिरव्या रंगात दिसायचं. दुरुस्त केलं म्हणून."

आत कपबशी वाजली. एकनाथची बायको चहा ठेवून गेली. एकनाथनं तो घ्या म्हटलं नाही.

"आमाला वाटायचं, कम्प्युटर म्हातारा झालाय," तो हळू म्हणाला. "इसरतो म्हनून. मी कैलासला बोललो पन, याला रोज आठवन द्याया लागते." मग त्यानं मान वर केली. "तीन फोन केले मी. एक डाव तुमीच उचलला व्हता. आवाज आता वळखला."

"मीच होते."

"बोलला व्हतात, काका, चालू तर हाय."

तेजलनं मान हलवली. समोरच्या कुंपणावरून एक कोंबडी आत उतरली, ओटीपर्यंत आली, आणि कुणी हुसकत नाही असं पाहून तिथंच टोचत राहिली.

"आता काय करनार तुमी?" एकनाथनं विचारलं. त्याच्या आवाजात मागणी नव्हती. हवा कशी आहे असं विचारावं तसं त्यानं विचारलं.

"उद्या दहाच्या आत," ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला पुरं करता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीच्या बसनं ती सातला कारखान्यात पोचली. विभागात कुणी नव्हतं. तिनं सर्व्हरची फाइल उघडली. रिपोर्ट किती दिवस ठेवायचे, त्या ओळीत पंधरा होतं. ते खोडून तिनं तीन हजार केलं. अवघड भाग पुढं होता. तातडीचा बदल तिला एकटीला लागू करता यायचा, पण खाली नाव आणि कारण लिहावं लागायचं, आणि ते दोन्ही चौदा जणांना मेलनं आपोआप जायचं. त्या चौदांत सुरक्षा विभाग होता, कारखान्याचे व्यवस्थापकही होते. तो नियमही तिचाच. आजवर कारणाच्या चौकटीत ती दोन शब्द लिहीत आली होती: सूचनेप्रमाणे बदल.

आज तिनं लिहिलं:

'अपघाताच्या आधीचे रिपोर्ट नष्ट होऊ नयेत म्हणून. पाच तारखेची ओळ मी लिहिली. तिच्यामुळे कंट्रोल रूममधला वायूचा आकडा थिजत होता. तो चालू राहावा म्हणून एकनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सोय सोळा वेळा हातानं चालू केली. माझ्या फाइलीनं ती सोळाही वेळा बंद केली. ही छेडछाड नव्हती. सात तारखेची तक्रार मी जागेवर न जाता बंद केली. अकरा तारखेला एकनाथ यांनी स्क्रीनवर दोन हाच आकडा पाहिला असणार, कारण स्क्रीनवर दुसरा आकडा येणं शक्य नव्हतं.'

शेवटचं वाक्य तिनं दोनदा वाचलं. 'पाहिला' असं ती म्हणू शकत नव्हती, ती तिथं नव्हती. 'असणार' तसंच ठेवलं. आपलं नाव लिहिलं आणि बटण दाबलं.

नऊ वाजता विपुलसर दारात आले. हातात फोन होता, मेल उघडा होता.

"काही करू नकोस म्हटलं होतं मी."

"हो, सर."

"तुझी नोकरी जाऊ शकते. कदाचित माझीही."

"हो."

ते आणखी काही म्हणतील असं वाटलं, पण ते आत जाऊन बसले. त्यांच्या खोलीतला फोन वाजत राहिला.

दहा वाजले. दहा वाजून पाच मिनिटं झाली. तेजलनं रिपोर्ट पुन्हा उघडला. पाच तारखेची ओळ जागेवर होती. तिच्याखाली सोळा ओळी होत्या, मोजून. तिनं रिपोर्ट आणि कारण दोन्ही छापलं. एक प्रत चौकशी समितीसाठी पाकिटात घातली. दुसरी हातात धरून तिनं एकनाथला फोन लावला.

"काका, रिपोर्ट राहिले. सकाळीच सगळ्यांना लिहून कळवलंय."

पलीकडं त्यानं कोंबडी हुसकल्याचा आवाज आला.

"बायडीला हे वाचून दाखवायला हवं," ती म्हणाली. "तुम्ही बघून सोडलंत ते, आणि बाकीचं माझं. ते मीच सांगणार. त्यांच्या पाड्याला जायला गाडी कुठून मिळते?"

"पाड्याला गाडी नाय जात," एकनाथ म्हणाला. "शेवटचं चालाया लागतं." मग म्हणाला, "मी येतो. तुमाला घर नाय गावायचं."