बाईंच्या मागोमाग

टेलरमास्तरांच्या किडन्यांनी काम सोडलं तेव्हापासून आठवड्यातून तीनदा, दुपारच्या पाळीला, ते डायलिसिसच्या खोलीत खुर्चीवर आडवे होत. डाव्या हातात दोन जाड सुया, त्यांच्या नळ्या शेजारच्या यंत्रात. यंत्र रक्त धुऊन परत अंगात सोडणार आणि तोवर डावा हात हलवायचा नाही. जन्मभर दोन्ही हात आणि पाय शिलाई मशीनवर चालवलेल्या माणसाला ही बैठक म्हणजे शिक्षाच. तहान लागली तरी पाणी घोटभर. दुकानाला कुलूप. "आता मशीन मला शिवतंय," असं ते टेक्निशियनला सांगत. तो पहिल्यांदा मोठ्याने हसला होता, पुढे पुढे नुसता हं म्हणायचा.

बायको गेल्यापासून घरात ते आणि लेक, दोघंच. लेक इंजिनियर, पुलांची ड्रॉइंगं करायची. ती त्यांना गाडीने आणायची, बाहेरच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन काम करत बसायची आणि संध्याकाळी घरी न्यायची.

खिडकीलगतची खुर्ची बाईंची. बाई कोर्टात स्टेनो होत्या, निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. बोलणं तुटक, नजर करडी. मास्तरांना त्यांची जरा धास्तीच वाटे. मग एके दिवशी बाई एक जाडजूड पुस्तक घेऊन आल्या. कुठल्याशा परक्या देशातली, फार जुनी, नावाजलेली कादंबरी, आपल्या भाषेत आणलेली. पोटावर उशी, उशीवर पुस्तक, आणि एका हाताने पान उलटायची खटपट. पुस्तक घसरलं, नळीवर आदळलं, यंत्र बोंबलायला लागलं. टेक्निशियन धावत आला.

"बाई, हे पुस्तक आहे की वीट?"

तो गेल्यावर बाईंनी मास्तरांकडे मान वळवली. "तुम्ही टेलर ना?"

"होतो," मास्तर म्हणाले.

"मग या पुस्तकाचे तुकडे करून द्या. एका हातात मावतील एवढे."

"चांगलं पुस्तक फाडायचं?"

"कॉलेजात असताना सुरू केलं आणि टाकलं. नोकरीत असताना सुरू केलं, पुन्हा टाकलं. म्हटलं, म्हातारपणी निवांत वाचू. निवांतपणा मिळाला तर हात अडकला. आता राहिलं तर राहिलंच."

मास्तरांनी पुस्तक घरी नेलं. कटिंगच्या टेबलावर ठेवून थोडा वेळ नुसतं बघत बसले. मग पात्याने पाठ उसवली, पानांचे गठ्ठे वेगळे केले, जाड दोऱ्याने एकेक गठ्ठा शिवला आणि कोटाच्या उरलेल्या कॅनव्हासची वेष्टनं घातली. कित्येक दिवसांनी हाताला काम मिळालं होतं. टाके बघून त्यांना स्वतःलाच बरं वाटलं.

बाईंनी पहिला भाग हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "छान झालंय. माझा वाचून झाला की तुमच्याकडे."

"माझ्याकडे कशाला? मी पेपरच्या पुढे गेलेलो नाही."

"छताकडे बघण्यापेक्षा बरं."

मग बाई पुढे आणि मास्तर एक भाग मागे, अशी वाट सुरू झाली.

पहिल्या भागाने मास्तरांना घाम फोडला. एका बंदरातलं जहाजमालकाचं घराणं. पानंच्या पानं नुसत्या गोदीची, दोरखंडांची, मालाच्या पेट्यांची. त्यात एकेका माणसाला तीन-तीन नावं.

"बाई, हा आत्ता आला तो कोण? परवाचाच का?"

"परवाचाच. घरात त्याला वेगळ्या नावाने बोलावतात."

"माझ्या नाही डोक्यात राहत."

"इतक्या गिऱ्हाइकांची मापं राहत होती ना? मग यांचीही घ्या मापं."

मास्तरांनी नावांचा नाद सोडला आणि आपली नावं ठेवली. थोरला मुलगा लांबनाक्या, धाकटी सून रडकी, मुनीम म्हणजे खाकरा, कारण तो खाकरल्याशिवाय बोलतच नसे. बाईंनी आधी नाक मुरडलं. मग एकदा त्या स्वतःच म्हणाल्या, "आज तुमच्या खाकऱ्याने कमाल केली," आणि दोघंही हसले, हात हलू न देता, जपून.

मास्तर पानं गाळायला बघत. बाईंना कसं कळायचं कोण जाणे.

"वादळात कुठलं गलबत वाचलं?"

मास्तर पानं चाळायला लागले.

"गोदीची पानं गाळलीत. परत जा."

ते कुरकुरत परत गेले. त्या कंटाळवाण्या पानांतच लांबनाक्या लहान होता आणि बापाचं बोट धरून दोरखंड मोजत होता, आणि मोजणी चुकली की बाप बोट सोडवून घेत होता. ते वाचलं तेव्हा पुढच्या भागात त्याने बापाला कोर्टात का खेचलं, हे मास्तरांना पोटातून समजलं. मग त्यांनी गाळणं सोडलं. कादंबरी सावकाश चालायची आणि त्यांनाही घाई कुठे होती? एकदा यंत्र वेळ संपल्याचं सांगायला वाजलं तेव्हा मास्तर वैतागून म्हणाले, "इतक्यात?" टेक्निशियन बघतच राहिला. त्या खोलीत असं कोणी म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं.

पण घरी काही बदललं नव्हतं. पायांवर सूज यायची, रात्री खाज सुटायची, तोंडाला चव नसायची. लेक औषधं काढून द्यायची, पाण्याचा पेला हिसकावून घ्यायची, पुन्हा लॅपटॉपपाशी बसायची. मागच्या वर्षी तिला ऑफिसने दुसऱ्या शहरात एका मोठ्या पुलाच्या कामावर बोलावलं होतं. जेवताना तिने सांगितलं होतं, "मी नाही म्हटलं." मास्तर म्हणाले होते, "बरं केलंस." तो विषय तिथेच संपला होता.

एका दुपारी बाईंनी पुढचा भाग दिला तो जरा थांबून.

"हा जड आहे, मास्तर."

"सगळेच जड आहेत."

"तसा नव्हे."

त्या भागात जहाजमालक म्हातारा अंथरुणाला खिळलेला. बाकी काही घडतच नव्हतं. चादरी बदलणं, औषध, उशाशी घंटी. वाजली की मधली मुलगी जिना चढून वर. आणि लिहिणाऱ्याने हे सगळं त्या मुलीच्या डोळ्यांनी सांगितलं होतं. खोलीत शिरण्याआधी ती दारावर हात ठेवून उभी राहायची आणि चेहरा नीट करायची. एका सकाळी घंटी वाजली नाही. उन्हं वर आली तरी नाही. तिला एकदम हलकं वाटलं. तिने खिडकी उघडली, केस विंचरले. आणि घंटी वाजली. ती मटकन पायरीवर बसली. मग उठली, धावत वर गेली आणि म्हाताऱ्याचे पाय कोमट पाण्याने अशा मायेने धुतले, की त्यात खोटं तसूभर नव्हतं. लिहिणारा तिला कुठे बोल लावत नव्हता, पाठही थोपटत नव्हता. नुसता तिच्या शेजारी पायरीवर बसल्यासारखा होता.

मास्तरांनी पुस्तक छातीवर पालथं ठेवलं. दवाखान्याशी गाडी थांबली की लेक उतरण्याआधी क्षणभर स्टिअरिंगवर दोन्ही हात टेकायची. ते दर खेपेला बघत होते. दमली असेल, एवढंच म्हणत होते.

बाई त्यांच्याकडे बघत होत्या. "म्हटलं होतं ना," त्या हळूच म्हणाल्या, आणि खिडकीकडे वळल्या.

परतताना गाडीत मास्तरांनी तोंड उघडलं, आणि नको तसं उघडलं. "तुला मी नकोसा होत असेन कधीकधी. त्यात काही गैर नाही."

लेकीने गाडी कडेला घेतली. "बाबा, मी काय कमी केलंय तुमचं?"

"कमी नाही गं. मी ते म्हणतच नाहीये."

"मग काय म्हणताय? दिवसरात्र तुमच्यामागे आहे मी, आणि तुम्ही मला हे ऐकवताय?" ती रडली नाही. ओठ घट्ट मिटून तिने गाडी पुन्हा सुरू केली. पुढचे कित्येक दिवस ती कामापुरतंच बोलली. "गोळी घ्या." "चला." "बेल्ट लावा." मास्तरांना वाटलं, तोंडातून गेलं ते काही आता परत येत नाही. शेवटी त्यांनी तो भाग तिच्या लॅपटॉपशेजारी ठेवला. "बोलता येत नाही मला. हे वाच. मागचं पुढचं कळलं नाही तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी सुया टोचून घेताना त्यांना दाराच्या काचेतून बाक दिसला. लॅपटॉप बंद होता. लेक कॅनव्हासच्या वेष्टनात डोकं घालून बसली होती. संध्याकाळी तिने त्यांना गाडीत बसवलं, पण गाडी सुरू केली नाही.

"बाबा, ती पायरीवर बसते ना..."

"हं."

"मी आपल्या गॅलरीत बसते. कपडे वाळत घालायच्या निमित्ताने." ती समोर बघत होती. "मला वाटायचं, अशी मीच एकटी आहे. वाईट."

"नाहीस."

"हे लिहिणाऱ्याला कसं कळलं असेल?"

मास्तरांनी तिच्या हातावर आपला उजवा हात ठेवला. नंतर म्हणाले, "तो पूल झाला का गं बांधून?"

"कुठला हो. अजून खांबच चाललेत."

"मग विचारून बघ त्यांना."

ती पुलाच्या कामावर गेली. जाताना शेजारणीला, दवाखान्याला, औषधवाल्याला, सगळ्यांना सांगून गेली. मास्तर आता दवाखान्याच्या व्हॅनने यायला लागले. व्हॅन वेळेवर यायची नाही, आणि आली की सगळ्यांना गोळा करत गावभर फिरायची. घरी कुलूप काढताना आतून कोणी विचारायचं नाही, कसं झालं आज. रात्री पाण्याचा पेला हिसकावणारं कोणी नव्हतं, तेव्हा तो स्वतःच अर्ध्यावर खाली ठेवावा लागायचा. कधी ठेवला जायचा, कधी नाही. असं घर आपण मागून घेतलंय, हे त्यांना रोज नव्याने पचवावं लागे.

बाईंना त्यांनी सगळं सांगितलं होतं. बाईंचंही शरीर थकत चाललं होतं. मधेच रक्तदाब पडायचा, टेक्निशियन खुर्ची आडवी करायचा, पुस्तक बाजूला व्हायचं. शुद्धीवर आल्या की पहिला प्रश्न, "कुठे होते मी?"

"मघाशी तुम्हीच म्हणालात, लांबनाक्याने घर विकायला काढलंय."

"आणि रडकी?"

"ते तुम्ही मला सांगायचं. तुम्ही पुढे आहात."

मग एका दुपारी खिडकीजवळच्या खुर्चीत एक लठ्ठ गृहस्थ कानात इयरफोन घालून बसलेले दिसले. मास्तरांनी टेक्निशियनकडे पाहिलं. त्याने सुया टोचून झाल्यावर सांगितलं, "बाई गेल्या. घरीच. झोपेत." तो जरा वेळ तिथेच घुटमळला. "पुस्तकाचे भाग आमच्या कपाटात आहेत. तुम्हाला द्या म्हणून सांगून ठेवलं होतं त्यांनी."

त्या दिवशी मास्तरांनी काही वाचलं नाही. छताकडे बघत राहिले. मान वळवली की इयरफोनवाले गृहस्थ.

पुढच्या खेपेला आपला भाग संपवून त्यांनी बाईंचा अर्धवट राहिलेला भाग उघडला. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. तिथपर्यंत मास्तर बाईंच्या मागून चालल्यासारखे वाचत गेले. इथे त्या हसल्या असतील, इथे नाक मुरडलं असेल. कोपऱ्यापुढची पानं अजून न उलटलेली, करकरीत होती. पुढे कोणी नव्हतं. गाळली असती तरी कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी एकही ओळ गाळली नाही.

शेवट काही मोठा नव्हता. बंदर गाळाने भरत गेलं. लांबनाक्याने घर विकलं आणि विकत घेणाऱ्याला जिन्याची कुठली पायरी मोडकी आहे ते नीट दाखवलं. कोणाला शिक्षा झाली नाही, कोणाचं भलंही झालं नाही. मास्तरांना राग आला. "बाई, हे काय हो?" ते मोठ्याने म्हणून गेले. गृहस्थांनी एक इयरफोन काढला. "काही म्हणालात?"

"नाही. तुम्ही ऐका."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. तिच्या मागे पुलाच्या कामावरच्या यंत्रांचा धडधडाट होता. तिने इकडचं तिकडचं विचारलं, मग म्हणाली, "बाबा, या महिन्यात यायला नाही जमणार. खांबांचं काम आहे."

"ये जमेल तेव्हा. मी ठीक आहे."

"नक्की ना?" असं तिने विचारलं, पण सुटकेचा श्वास आधीच बाहेर पडला होता. मास्तरांना तो ऐकू आला. टोचला. त्यांनी तो तसाच टोचू दिला.

"संपलं का हो ते पुस्तक?"

"आत्ताच."

"त्या मधल्या मुलीचं काय होतं पुढे?"

मास्तरांनी फोन कान आणि खांद्यामध्ये धरला. मोकळ्या हाताने पानं मागे घेत ती जागा शोधली. "तिचं ना, फार काही होत नाही," ते म्हणाले. "तुला वेळ आहे का?"

"आहे थोडा."

"म्हातारा गेल्यावर ती दुसऱ्या बंदरात जाते. तिथे तिला कोणी ओळखत नाही. पहिल्या दिवशी ती नुसती झोपते..."