पहिल्या वितळीचं पाणी

डीप फ्रीजरचं दार उघडलं आणि श्रुतीच्या डोक्यात सणक गेली. हिमाचलातल्या लाहौलच्या नदीवरून भरून आणलेल्या चोवीस बाटल्या आत दगड होऊन पडल्या होत्या.

"कुणी ठेवल्या या इथं?"

"म्या की," प्रयोगशाळेचे परिचर जयसिंगमामा म्हणाले. "पहाटं लाइट गेलती, साधा फ्रिज बंद पडलता. वॉचमननं फोन केला, तसा कागलातनं गाडी मारत आलो. या फ्रीजरला जनरेटर हाय." आणि वर शाबासकीची वाट बघत उभे. "बर्फाचंच पाणी की हो ते. बर्फात नगं तर कुठं ठिवायचं?"

आता काय बोलायचं, कप्पाळ! हिवाळाभर बर्फात धूर, धूळ, क्षार साचत राहतात. वितळायला लागलं की पहिल्या चार-पाच दिवसांत ते सगळं एकदम नदीत उतरतं. पाणी आंबट होतं, त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव काही मरतात, काही फोफावतात. पुढं नुसतं निवळ पाणी वाहत राहतं. ते दिवस हुकले की वर्ष हुकलं. कोल्हापूरच्या पोरीला बर्फाचं काय पडलंय म्हणून सगळे हसले, तरी ती त्यासाठी दोन महिने तिथं तळ ठोकून बसली होती. येताना दिल्लीपासून स्टेशनास्टेशनावर लस्सीवाल्यांकडं बर्फ मागत बाटल्यांची पेटी गार ठेवली. गार ठेवायची, पण गोठू द्यायची नाही, कारण गोठलं की आतले जीव फुटतात. एवढं करून मुसळ केरात. शिष्यवृत्ती तर पुढच्या वितळीआधीच, डिसेंबरात संपत होती.

तरी तिनं काचेच्या ताटल्यांत ते पाणी लावून बघितलं. दहा दिवस झाले, एकाही ताटलीत जिवांचा ठिपका उगवला नाही. मामा रोज विचारायचे, "जगलं काय?" आणि ती दातओठ खात "बघू" म्हणायची. त्या भल्या माणसाला बोलणार तरी काय?

अकराव्या दिवशी तिच्या मार्गदर्शक अवंतिका मॅडम आल्या. "क्षारांचे आकडे शाबूत आहेत ना? मग जिवांच्या रकान्यात 'आढळले नाहीत' लिही आणि मोकळी हो. कोण जातंय तिथं तपासायला?"

श्रुतीनं पेन उचललं. ताटल्या कोऱ्याच होत्या, म्हणजे तसं खोटंही नव्हतं.

"आढळले न्हाईत कसं?" टेबल पुसणारे मामा थांबले. "व्हते की. म्या मारले. तसं लिव्हा."

"मामा, मेमो येईल. दोन महिन्यांवर रिटायरमेंट आलीय तुमची."

"येऊ दे की."

तिनं लिहिलं, 'नमुने गोठल्यामुळे बाद.' मामांनी पेन मागून घेतलं, चष्मा लावला आणि खाली सावकाश आपलं नाव घातलं. मॅडम निघून गेल्या.

मग मात्र श्रुतीचा बांध फुटला. "न विचारता हात लावलाच कशाला? एक फोन करता येत नव्हता? माझं वर्ष गेलं मामा, सगळं गेलं!" अकरा दिवसांचं साठलेलं ती रडत रडत ओरडून बोलली, आणि मामा फडकं हातात घेऊन, मान खाली घालून, सगळं ऐकत उभे राहिले.