उजवीकडून सुरुवात

"अहो काका, उजवी बाजू राहिली की!"

ठेकेदाराच्या पाठीवर चादर ओढून हात पुसत असलेले काका तसेच थांबले. ठेकेदार टेबलावर पालथाच होता. मान वळवून म्हणाला, "डावा खांदा पार मोकळा केलात. उजव्याशी काही भांडण आहे का तुमचं?"

"चुकलं साहेब," म्हणत काकांनी पुन्हा तेल घेतलं.

ठेकेदार गेल्यावर मालिश केंद्राच्या मालकीणबाईंनी त्यांना आत बोलावलं. वयाने मुलीसारख्या, पण बोलणं रोखठोक.

"काका, हल्ली रोज कुणी ना कुणी तक्रार करतंय. अर्धं अंग चोळून घ्यायला कोण येतं सांगा? वहिनी गेल्या, मला कळतं. पण असंच चालायचं असेल, तर उद्यापासून टॉवेल धुवा. टेबलापाशी नको."

काकांची नजर भिंतीकडे गेली. समोर पाटी होती : मालिशीने रक्त खेळतं, आखडलेले स्नायू सुटतात, शांत झोप लागते. पाटी खोटी नव्हती. बायकोचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हापासून ती जाईपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ त्यांनी तेवढंच अंग चोळलं होतं. आवळलेली मूठ हळूहळू सुटली. ती कपाचा कान धरायला लागली. गाढ झोपायला लागली. "गिऱ्हाइकासारखं उरकू नका हं मला," असं दटावायलाही लागली. मग साधा ताप आला, तो छातीत उतरला आणि आठवड्यात आटोपलं. छातीत उतरलेल्या तापाबद्दल पाटीवर अक्षर नव्हतं.

"उजवीकडून सुरुवात करत जा," मालकीणबाई म्हणाल्या. "साधी गोष्ट आहे."

टॉवेल धुणं काकांना कमीपणाचं वाटत नव्हतं. पण माणसाच्या अंगाला हात लावायचा नाही, तर मग या हातांचं करायचं काय?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उजवीकडून सुरुवात केली. आधी हात परक्या घरात शिरल्यासारखे बिचकले. हळूहळू सरावले. तक्रारी थांबल्या.

"बघा, जमलं की नाही?" मालकीणबाई हसून म्हणाल्या.

"जमलं," काका म्हणाले.

रविवारी दुपारी जेवून ते खाटेवर बसले. ती गेल्यापासून घरी असले की डोळे मिटून ते तिचा हात चोळायचे, नुसता हवेत. कोपरापासून खाली यायचं, मनगटाच्या अलीकडे एक बारीक गाठ लागायची, तिथे तिला दुखायचं म्हणून वळसा घालून तळव्यावर यायचं. वळसा बोटं आपोआप घ्यायची.

आज बोटं कोपरापासून निघाली आणि सरळ तळव्यावर पोचली.

काकांनी डोळे उघडले. पुन्हा मिटले, सावकाश कोपरापासून निघाले. गाठ नेमकी कुठे होती? मनगटापासून दोन बोटं, की तीन? विचारायला कुणी नव्हतं.

मग दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ते बसून राहिले.