मास्तरांचा दुसरा ब्रेक

अर्ध्या शहराला गाडी शिकवलेल्या माणसाच्या बायकोलाच गाडी चालवता येत नव्हती, आणि हा विषय त्यांच्या घरात कोणी काढत नसे. मास्तरांचं मोटर ट्रेनिंग स्कूल होतं. डॉक्टर, वकील, लग्न ठरलेल्या मुली, निवृत्त झालेले साहेब, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यामुळे त्यांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. गाडीतलं सगळं यांना कळत असणार, असं धरून लोक त्यांना रस्त्यात थांबवून इंजिनाच्या आवाजाबद्दल विचारत, आणि बाई गंभीर चेहऱ्याने सांगत, "एकदा दाखवून घ्या."

तसं लायसन्स होतं त्यांच्याकडे. लग्नानंतर लगेच, सपाट मैदानावर परीक्षा देऊन मिळवलेलं. पण त्याच महिन्यात टेकडीच्या चढावर सिग्नलला क्लच सुटला, गाडी बंद पडली आणि मागे घरंगळत जाऊन बेकरीच्या व्हॅनला टेकली. ओरखडासुद्धा आला नाही. मास्तरांचा पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर उशिरा पडला; त्यांनी हँडब्रेक ओढला आणि मागच्या सीटवरच्या दोन विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, "बघा, असं करायचं नाही." बाई दार उघडून उतरल्या, उरलेला चढ पायी चढल्या आणि गाडी चालवण्याच्या बाबतीत त्यांनी कानाला खडा लावला. मास्तरांनी सुरुवातीला बऱ्याचदा मनधरणी केली, पण ज्याने जखम केली त्यानेच मलम घेऊन यावं, यात फारशी गोडी नसते.

आता मात्र गोष्ट नातीवर आली होती. लेक टेकडीवर राहायची आणि सोमवारपासून पुन्हा कामावर जाणार होती. नात दुपारी बालवाडीतून सुटायची. तेव्हा टेकडीवर बस नसते, जावई बाहेरगावी, आणि मास्तरांचे दुपारचे वर्ग भरलेले. कोणी आणणारं नसेल तर पोरीने संध्याकाळपर्यंत पाळणाघरात बसायचं, असं ठरत आलं होतं.

"मी आणेन तिला," बाई म्हणाल्या.

"आई, उगाच ताण घेऊ नकोस," लेक म्हणाली. ती प्रेमानेच म्हणाली, पण बाईंना ते भारी लागलं.

मास्तरांना नाहीतरी घरासाठी नवी गाडी घ्यायचीच होती. बायकोचा सूर ऐकून त्यांनी तिला शोरूममध्ये नेलं. तिथल्या विक्रेतीने एका छोट्या इलेक्ट्रिक गाडीभोवती फिरत माहिती द्यायला सुरुवात केली. लांबी चार मीटरच्या आत, तरी माणसं पाच. मागच्या सीटला लहान मुलांची खुर्ची अडकवायचे हुक. डिकीत बाबागाडी बसून वर दोन बॅगा. बॅटरी तळाशी सपाट पसरलेली, त्यामुळे सगळं वजन खाली आणि गाडी वळणावर झुकत नाही. पूर्ण चार्ज केली की कागदावर तीनशे किलोमीटर.

"आणि रस्त्यावर?" मास्तर.

"अडीचशे धरा. एसी लावून मजेत गेलात तर त्याहून थोडं कमी."

खरं बोलणारी विक्रेती पाहून मास्तर खूश झाले. "गिअर किती?"

"एकच. बदलायचा प्रश्नच नाही."

"आणि क्लच?"

"नाहीच."

या घराला स्वयंपाकघर नाही असं कोणी सांगावं, तसा मास्तरांचा चेहरा झाला. क्लच कसा सोडायचा, या एका विद्येवर त्यांचा संसार उभा होता. बाईंनी मात्र तेव्हाच पहिल्यांदा तोंड उघडलं.

"चढावर मागे येते का?"

"नाही येत, काकू. तिथल्या तिथे उभी राहते."

"हीच घ्या," बाई मास्तरांना म्हणाल्या आणि पर्स काखेला मारून दाराकडे निघाल्यासुद्धा.

सराव सुरू झाला. मास्तरांनी माहितीपुस्तक पाठ केलं होतं. निघण्याआधी ते मोटर, चार्जिंग, वीज परत बॅटरीत कशी जाते, असं व्याख्यान देत. ऐकत असल्याचं दाखवण्यात बाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचं लक्ष हातातल्या चाकावर असे. चाक किती हलकं! गल्लीच्या तोंडाशी गाडी एका फेरीत वळायची. आवाज म्हणाल तर नाहीच. पहिल्या दिवशी गाडी चालू झाली हेच त्यांना कळलं नाही. त्यांनी पाय जरा जोरात टेकवला आणि गाडी अशी सुटली की मास्तरांचा चष्मा कपाळावर गेला. बाईंना भीती वाटायला हवी होती. त्यांना हसू आलं.

एकाच गोष्टीने त्यांच्या आनंदावर विरजण घातलं. पुढे सायकल आली, कुत्रं आलं, सिग्नल लाल झाला, की बाई घाबरून पाय उचलत आणि ब्रेककडे नेत. पण पाय तिथे पोचायच्या आतच गाडी छान हळू झालेली असे. आणि शेजारी मास्तरांचा उजवा पाय पायपुसण्यात रुतलेला. आता मास्तरांच्या घरात दोन ब्रेक नसलेली गाडी कधी आलीच नव्हती. घरची गाडी तीच शाळेची गाडी, आणि शेजारच्या सीटखाली मास्तरांचा ब्रेक असायचाच. या गाडीलाही तो बसवून घेतला असणार, यात बाईंना शंका नव्हती.

म्हणजे दर वेळी हेच थांबवतात. मला ब्रेकला पायसुद्धा लावू देत नाहीत. बाई मूग गिळून गप्प बसल्या, पण आतून खट्टू झाल्या. सगळे कौतुक करत होते. शेजारीण म्हणाली, किती सफाईने थांबवता हो. बाईंना वाटे, सफाई कसली, सफाई यांच्या पायाची. टेकडीचा चढसुद्धा त्या शनिवारी चढून आल्या. त्याच सिग्नलला, त्याच चढावर गाडी दगडासारखी उभी राहिली. मास्तर म्हणाले, "उत्तम." शेजारी हे नसताना काय होणार होतं, एवढंच बाईंच्या डोक्यात होतं. घरी येऊन त्यांनी लेकीला फोन लावला आणि पाळणाघराचं नाव विचारून ठेवलं.

रविवारी सकाळी त्या गाडी झाडायला बसल्या. मास्तरांच्या बाजूचं पायपुसणं टाच घासून घासून चुरगळलं होतं. त्यांनी ते उचलून झटकलं आणि खाली पाहिलं. खाली काहीच नव्हतं. नुसती करडी, गुळगुळीत जमीन. त्यांनी हात घालून चाचपलं. वाकून आतपर्यंत पाहिलं. मग पायपुसणं हातात घेऊन त्या तडक घरात गेल्या.

"तुमचा ब्रेक कुठाय?"

"कसला ब्रेक?" मास्तर पेपर वाचत होते.

"शेजारचा. रोज दाबता तो."

मास्तरांनी पेपर खाली केला. आयुष्यभर विद्यार्थ्यांपुढे कधी न लाजलेला माणूस कानापर्यंत लाल झाला. "अगं, तो नाहीच आहे. या गाडीला कशाला बसवू? सवयीने पाय जातो माझा. मला वाटलं तुझ्या लक्षात आलं नसेल."

"मग गाडी कोण थांबवत होतं?"

"कोण म्हणजे? तू. तू पाय उचललास की मोटर उलटी राबते, गाडी आपोआप हळू होते. रोज सांगतोय मी हे, निघण्याआधी."

बाई तिथेच खुर्चीवर बसल्या. सायकल, कुत्रं, टेकडीचा सिग्नल, एकेक त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. सगळं त्यांनीच केलं होतं, आणि त्याचं श्रेय आठवडाभर एका पायपुसण्याला दिलं होतं. आधी त्यांना राग आला, मग हसू आलं, आणि हसू आलं ते थांबेना. मास्तरही हसायला लागले, थोडे बिचकत.

"म्हणजे तुम्ही मला एकदाही अडवलं नाहीत?"

"अडवायला होतं काय माझ्याकडे," मास्तर म्हणाले. "पहिल्या दिवशी मी फार घाबरलो होतो. दुसऱ्या दिवसापासून नाही. पाय तेवढा ऐकत नव्हता." ते पेपरची घडी घालत राहिले. "आणि त्या वेळी, बेकरीच्या व्हॅनपाशी, पोरांसमोर मी ते बोलायला नको होतं."

"नकोच होतं," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हा विषय पहिल्यांदा निघाला आणि एवढ्यात संपलाही. बाईंना एकदम हलकं वाटलं.

सोमवारी दुपारी त्या एकट्या निघाल्या. शेजारची सीट रिकामी होती. गाडी नेहमीसारखीच गल्लीतून वळली. टेकडीचा सिग्नल नेमका लाल झाला. बाईंनी पाय उचलला. गाडी हळू झाली, थांबली, चढावर उभी राहिली. आरशात मागे ट्रकचं भलंमोठं तोंड दिसत होतं, अगदी जवळ आणि अगदी निमूट. हिरवा झाल्यावर त्यांनी पायाच्या अंगठ्याने दाबावं तेवढंच दाबलं आणि गाडी वर निघाली. बाई एकट्याच मोठ्याने म्हणाल्या, "उत्तम."

बालवाडीच्या फाटकात नात उभी होती. तिने गाडी पाहिली, मग शेजारच्या सीटवर पाहिलं, मग मागे वाकून पाहिलं.

"आजोबा कुठेत?"

"शिकवतायत."

"मग गाडी कोणी आणली?"

"मी."

हा शब्द बाईंनी किती वर्षं जपून ठेवला होता. पोरीने मोठे डोळे करावेत, टाळ्या पिटाव्यात, निदान तोंडाचा आ करावा, म्हणून त्या थांबल्या.

"बरं," नात म्हणाली आणि दप्तर त्यांच्या हातात देऊन मागच्या खुर्चीत चढून बसली. तिच्या लेखी आजी ही गाडी चालवणारीच बाई होती, आणि त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. "चल ना, आजी. कसली वाट बघतेस?"